कारण सांगणार नाही : एलेन क्नाउफ खटल्याचा अभ्यास

१४ ऑगस्ट १९४८ रोजी एलेन क्नाउफ न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. तिचा नवरा अमेरिकी नागरिक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकी सैन्यात नोकरी केली होती आणि सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला होता. अशा सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी अमेरिकी काँग्रेसने १९४५ मध्ये खास कायदा केला होता. त्या कायद्याखाली नागरिकत्व मिळवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिला शहरात पाऊल टाकू न देता एलिस बेटावर, बंदरातल्या इमिग्रेशन केंद्रात ठेवण्यात आलं.

६ ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याच्या सहायक आयुक्ताने शिफारस केली की या बाईला सुनावणी न देता कायमचा प्रवेश नाकारावा, कारण तिचं येणं अमेरिकेच्या हिताला बाधक ठरेल. ॲटर्नी जनरलने, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाने, त्याच दिवशी शिफारस मान्य केली. बाधक का, हे तिला कळलं नाही, नवऱ्यालाही कळलं नाही. वकिलाने विचारलं तर उत्तर एकच: माहिती गोपनीय आहे, ती उघड करणंच देशहिताच्या विरोधात आहे. पुढे न्यायालयात गेल्यावरही सरकारने हेच सांगितलं.

हा खटला शिकवला जातो तो बहुतेक एका वाक्यासाठी. ते वाक्य पुढे येईलच. मला मात्र तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने प्रवेश नाकारलेल्या प्रकरणांत गुप्त फाइल सहसा गुप्तच राहते. सरकारचं बरोबर होतं की चूक, हे ताडून बघायला मार्गच उरत नाही आणि दोन्ही बाजू आपापल्या श्रद्धेवर वाद घालत बसतात. इथे सर्वोच्च न्यायालयाने फाइल बंद ठेवायला परवानगी दिली आणि नंतर ती फाइल वेगळ्याच वाटेने उघडली. त्यामुळे निकालाचं तर्कशास्त्र एका बाजूला आणि फाइलमधला ऐवज दुसऱ्या बाजूला ठेवून पाहता येतं.

ही बाई कोण?

न्यायालयाने स्वतःच्या निकालपत्रात दिलेली माहितीच पुरेशी आहे. जन्म १९१५, जर्मनी. हिटलरच्या काळात ती जर्मनी सोडून चेकोस्लोव्हाकियात गेली. तिथे एक लग्न आणि घटस्फोट. १९३९ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंड. १ जानेवारी १९४३ ते ३० मे १९४६ ब्रिटनच्या हवाई दलात सेवा, आणि ती ‘कार्यक्षम व सन्माननीय’ असल्याची नोंद. युद्ध संपल्यावर जर्मनीतच अमेरिकेच्या युद्ध खात्यात मुलकी नोकरी, तिथले शेरे ‘फार चांगले’ आणि ‘उत्कृष्ट’. २८ फेब्रुवारी १९४८ ला कुर्ट क्नाउफशी लग्न झालं, तेही फ्रँकफर्टच्या कमांडिंग जनरलची परवानगी घेऊन. कुर्ट तेव्हा फ्रँकफर्टमध्ये अमेरिकी सैन्याचाच मुलकी कर्मचारी होता.

लग्नाला जनरलची परवानगी लागत होती, हा तपशील लक्षात ठेवा. ताब्यातल्या जर्मनीत अमेरिकी सैन्याची गुप्तचर यंत्रणा डोळ्यांत तेल घालून बसलेली होती. तिच्या नाकाखाली ही बाई नोकरी करत होती, आणि लग्नाची परवानगीही त्याच सैन्याने दिली. आणि जहाजातून उतरल्यावर तीच बाई देशाला धोका ठरली.

कायद्याचे थर

सरकारने हे कशाच्या जोरावर केलं? इथे कायद्याचे तीन थर आहेत आणि ते वेगवेगळे पाहिल्याशिवाय वाद कळत नाही.

तळाला १९१८ चा कायदा. पहिल्या महायुद्धात केलेला हा कायदा युद्धकाळात परकीयांच्या येण्या-जाण्यावर जादा निर्बंध घालण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देत होता. २१ जून १९४१ ला काँग्रेसने त्यात दुरुस्ती केली आणि युद्धाबरोबरच मे १९४१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आणीबाणीतही हा अधिकार वापरता येईल असं ठरवलं. त्यावरचा थर म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची नोव्हेंबर १९४१ ची उद्घोषणा, क्रमांक २५२३. सर्वांत वर त्या उद्घोषणेखालचे नियम. त्यातला एक नियम या खटल्याचा कणा आहे. एरवी प्रवेश अडवलेल्या परकीयाला विशेष चौकशी मंडळापुढे म्हणणं मांडता येई आणि त्यावर अपीलही करता येई. हा नियम सांगत होता की माहिती गोपनीय असेल आणि ती उघड करणं सार्वजनिक हिताला बाधक असेल, तर ॲटर्नी जनरल सुनावणी आणि अपील दोन्ही नाकारू शकतो.

म्हणजे माहिती गोपनीय आहे हे ठरवणारा तोच, तिच्यावरून निर्णय घेणारा तोच आणि त्या निर्णयाची तपासणी होणार नाही हे सांगणाराही तोच.

या तीन थरांसमोर उभा होता १९४५ चा ‘वॉर ब्राइड्स ॲक्ट’. त्याने सैनिकांच्या परदेशी जोडीदारांसाठी दार बरंच उघडलं होतं. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे प्रवेश नाकारणारी कलमं त्यांना लागू नव्हती, कागदपत्रांच्या अटी शिथिल होत्या. अटी दोनच: तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा आणि अर्जदार ‘इमिग्रेशन कायद्यांनुसार अन्यथा प्रवेशपात्र’ असायला हवा. मुदत डिसेंबर १९४८ मध्ये संपत होती. एलेन ऑगस्टमध्ये पोचली. वेळेत होती, पण जेमतेम.

‘अन्यथा प्रवेशपात्र’. सगळं भांडण या दोन शब्दांपाशी येऊन थांबतं.

न्यायालयातला वाद

कुर्टने बायकोच्या सुटकेसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावं असा अर्ज केला. जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, अपील न्यायालयाने तेच कायम केलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तिच्या बाजूचे मुद्दे साधारण असे होते. एक, काँग्रेसने आपला कायदे करण्याचा अधिकार इतका मोकळा ढिला करून राष्ट्राध्यक्षाच्या हाती देणं घटनाबाह्य आहे. दोन, १९४८ मध्ये लढाई संपून तीन वर्षं झाली होती, तेव्हा युद्धकाळचे नियम लावता येणार नाहीत. तीन, ‘वॉर ब्राइड्स ॲक्ट’ नंतरचा आणि खास कायदा आहे, त्यामुळे जुने निर्बंध त्यापुढे टिकत नाहीत. चार, आणि सर्वांत मूळचा मुद्दा: सुनावणी न देता हाकलणं म्हणजे राज्यघटनेतल्या ‘ड्यू प्रोसेस’चा, म्हणजे न्याय्य कार्यपद्धतीच्या हमीचा भंग.

१६ जानेवारी १९५० ला निकाल लागला, ४ विरुद्ध ३. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती शर्मन मिंटन यांनी लिहिला. ते तीनच महिन्यांपूर्वी न्यायालयात आले होते.

मिंटन यांचा पाया साधा होता. परकीयाला देशात येण्याचा हक्क नसतो. प्रवेश ही सार्वभौम राष्ट्राने दिलेली सवलत आहे आणि ती राष्ट्राच्या अटींवरच मिळते. पहिला मुद्दा त्यांनी यातूनच निकालात काढला. परकीयांना वगळणं हे सार्वभौमत्वाचं मूलभूत कृत्य आहे, आणि हा अधिकार केवळ कायदेमंडळाचा नाही, तर परराष्ट्र व्यवहार सांभाळणाऱ्या कार्यकारी सत्तेतही तो मुळातच असतो. जे काँग्रेसचं एकटीचं नव्हतंच, ते तिने बहाल केलं असा आक्षेप कसा घेणार? युद्धकाळाबद्दल त्यांचं म्हणणं की आणीबाणी कधीच मागे घेतली नव्हती, आणि कागदोपत्री युद्धस्थितीही चालूच होती. हे खरं होतं. जर्मनीशी असलेलं युद्ध अमेरिकेने औपचारिकपणे संपवलं ते १९५१ मध्ये.

आणि मग ते वाक्य: काँग्रेसने जी कार्यपद्धती ठरवली असेल, तीच प्रवेश नाकारलेल्या परकीयाच्या बाबतीत ‘ड्यू प्रोसेस’ होय.

थोडं आडवाटेला जातो. भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला हे वाक्य वाचून जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही आपल्या घटनेतली शब्दरचना. घटनेच्या मसुद्याच्या काळात घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते. ‘ड्यू प्रोसेस’ हा शब्दप्रयोग घेऊ नका, त्यामुळे न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता जाते, असा सल्ला फ्रँकफर्टर यांनी त्यांना दिला होता. आपली घटना अमलात यायला दहा दिवस उरले असताना याच फ्रँकफर्टर यांच्यासमोर ‘जी पद्धत ठरवली, तोच न्याय’ हे सूत्र एका निर्वासित बाईवर लागू होऊन आलं. फ्रँकफर्टर अल्पमतात गेले. मात्र त्यासाठी त्यांनी घटनेचा आधार घेतला नाही, काँग्रेसच्या हेतूचा घेतला. म्हणजे स्वतःच्या सल्ल्याशी ते प्रामाणिक राहिले.

शब्द आणि हेतू

माझ्या मते खरी लढाई घटनेवर नव्हतीच, ‘वॉर ब्राइड्स ॲक्ट’च्या अर्थावर होती.

मिंटन यांचं वाचन शब्दशः होतं. कायद्याने कोणते अडथळे काढले ते नावं घेऊन सांगितलं आहे: व्यंगाचे आणि कागदपत्रांचे. बाकी अडथळे तसेच राहिले, आणि सुरक्षेचा अडथळा त्या बाकीत येतो. ‘अन्यथा प्रवेशपात्र’ याचा अर्थ हाच. वाक्य म्हणून पाहिलं तर यात खोट काढणं अवघड आहे, आणि अल्पमताच्या प्रेमात पडलेले लेखक हे सांगायचं टाळतात. सैनिकाची बायको म्हणून हेरालाही प्रवेश द्यावा लागेल असं काँग्रेसने नक्कीच म्हटलं नव्हतं.

पण प्रश्न हेराला प्रवेश द्यावा का, असा नव्हताच. ती हेर आहे की नाही हे कोणी, कसं ठरवायचं, असा होता. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. परकीयांना दारातून परत पाठवण्याचा काँग्रेसचा अधिकार मी नाकारत नाही, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. मात्र एका अमेरिकी नागरिकाच्या बायकोला सुनावणीशिवाय असं आकस्मिक आणि निर्दयपणे हाकलून देण्याची परवानगी काँग्रेसने दिल्याचं मला कुठे दिसत नाही. तसं करायचं असेल तर काँग्रेसने ते स्पष्ट शब्दांत म्हणावं.

म्हणजे त्यांनी वाद परकीयाच्या हक्कांवरून काढून नागरिकाच्या हक्कांवर नेला. एलेनला काही हक्क नसेलही, कुर्टचं काय? आता या नागरिकाने एक तर बायको सोडून आपल्या देशात राहायचं, नाही तर बायकोसाठी देश सोडायचा, आणि का, ते त्याला सांगणार नाही. मग तो न्यायालयात येतो आणि हेबियस कॉर्पस मागतो. जॅक्सन इथे एक चिमटा काढतात: हीच हेबियस कॉर्पस आपण युरोपला पुन्हा पुन्हा दाखवत असतो, आमच्या स्वतंत्र देशात मनमानी अटक होत नाही याचा बिनतोड पुरावा म्हणून. आणि सरकार न्यायालयाला सांगतं की कारण न्यायालयालाही कळणार नाही.

त्यांची आणखी दोन वाक्यं कायम उद्धृत होतात. या मुलीच्या येण्याने देशाला जो काही धोका असेल, तो अशा पद्धतींनी मुक्त संस्थांना होणाऱ्या धोक्यापुढे काहीच नाही. दुसरं अधिक व्यवहारी आहे आणि मला जास्त पटतं. पुरावा गुप्तच राहिला पाहिजे या सबबीच्या आडोशाने दुष्ट, चुकीची माहिती असलेले, नसत्या उठाठेवी करणारे आणि भ्रष्ट लोक खबऱ्यांचं काम करू शकतात. ते सापडत नाहीत आणि त्यांची चूक सुधारतही नाही. यात ते सरकारवर लबाडीचा आरोप करत नाहीत. अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याच्यापर्यंत आलेली खबर उलटतपासणीतून गेलेली नसेल, तर ती खरी की खोटी हे त्यालाही कळायचा मार्ग नाही, एवढंच त्यांना म्हणायचं आहे.

जॅक्सन कोण होते हे इथे सांगायला हवं. न्युरेम्बर्गच्या नाझी खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता तेच. त्यांना कुणी सुरक्षेबाबत भाबडं म्हणू शकत नव्हतं. आणि गंमत अशी की जून १९४१ मध्ये ती कायदा-दुरुस्ती झाली तेव्हा अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जॅक्सनच होते. ज्या खुर्चीला अमर्याद अधिकार मिळाल्याबद्दल ते लिहीत होते, त्या खुर्चीत ते स्वतः बसून आले होते.

निकाल ४-३ का, नऊ न्यायमूर्ती असताना? विल्यम डग्लस घोड्यावरून पडून जबर जखमी झाले होते. आणि टॉम क्लार्क यांनी भाग घेतला नाही, कारण १९४८ मध्ये एलेनला प्रवेश नाकारणारे ॲटर्नी जनरल म्हणजे टॉम क्लार्कच. मधल्या काळात ते सर्वोच्च न्यायालयात आले होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

निकालानंतर

कायद्याच्या दृष्टीने इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण वृत्तपत्रांनी ते उचललं. सेंट लुइसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ने सातत्याने लावून धरलं. काँग्रेसमध्ये तिच्या एकटीसाठी खाजगी विधेयक आलं आणि प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केलं. सिनेटमध्ये ते प्रलंबित होतं.

आता सरकारने काय करावं? एका सभागृहाने तिच्या बाजूने कौल दिला आहे, दुसऱ्याचा यायचा आहे. न्याय खात्याने १७ मे १९५० ला तिला विमानात बसवून परत पाठवायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळावर तिला नेण्यातही आलं. विमान सुटायला थोडाच अवधी उरला असताना स्थगितीचा आदेश आला. आदेश जॅक्सन यांचा होता. तिला देशाबाहेर काढलं की काँग्रेसपुढे चाललेला विचार निरर्थक होणार, हे त्या स्थगितीमागचं सूत्र.

कायद्याच्या चर्चेत एक गोष्ट निसटते ती इथे ढळढळीत दिसते. प्रवेशाच्या खटल्यात वेळ नेहमी सरकारच्या बाजूने असते. अटकेतल्या माणसाला उद्याही अर्ज करता येतो, विमानात बसवलेल्याला येत नाही. तिची वाट राहिली की गेली, हे त्या दिवशी काही मिनिटांवर आलं होतं.

दबाव वाढत गेला. जानेवारी १९५१ मध्ये नवे ॲटर्नी जनरल हॉवर्ड मॅकग्रा यांनी तिला पॅरोलवर सोडलं, आणि मार्चमध्ये विशेष चौकशी मंडळापुढे सुनावणी झाली. तीच सुनावणी, जी देणं देशहिताला बाधक आहे असं सर्वोच्च न्यायालयापर्यंत सांगितलं गेलं होतं.

आरोप काय होता? जर्मनीत अमेरिकी प्रशासनात काम करताना तिने चेकोस्लोव्हाकियाच्या अधिकाऱ्यांना गुप्त माहिती पुरवली. आरोप किरकोळ नव्हता. १९४८ च्या फेब्रुवारीत प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती, आणि या संशयाला त्या काळात वजन होतं. सरकारने साक्षीदार उभे केले. चौकशी मंडळाने तिला पुन्हा प्रवेश नाकारला.

यावेळी मात्र अपील होतं. ऑगस्ट १९५१ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने मंडळाचा निर्णय फिरवला. पुरावा तपासला तर तो ऐकीव निघाला. कुणाला कुणी तरी सांगितलेलं, आणि त्याला थेट आधार नाही. २ नोव्हेंबर १९५१ ला मॅकग्रा यांनी बोर्डाचा निर्णय मान्य केला आणि एलेन क्नाउफला अमेरिकेत प्रवेश मिळाला. बंदरात उतरल्यापासून तीन वर्षं आणि अडीच महिने झाले होते.

एक शंका रास्त आहे. साक्षीदार उघड झाले, म्हणजे सरकारचे स्रोत उघडे पडले, आणि सुरक्षेचं नुकसान झालंच की. सरकारची मूळ भीती हीच होती आणि ती पोकळ नाही. परदेशात काम करणारा खबऱ्या एकदा साक्षीला आला की परत कामाचा राहत नाही. पण मग तोलायचं कशाशी कशाला? या प्रकरणात ज्या माहितीचं एवढं जतन केलं, ती तपासणीत टिकलीच नाही. आणि ती टिकत नाही हे तपासणी झाली नसती तर सरकारलाही कळलं नसतं. न्यायाधीशाने एकट्याने बंद दालनात फाइल पाहणं, आरोपाचा गोषवारा देणं, असे मधले मार्ग आहेतच. नियमाने मात्र सगळं किंवा काहीच नाही असा पर्याय ठेवला होता.

नियम पुढे कुठे गेला

एलेन देशात आली, पण निकाल उलटला नाही. सुनावणी तिला मिळाली ती हक्क म्हणून नव्हे, ॲटर्नी जनरलच्या मर्जीने. १६ जानेवारीचं निकालपत्र कायदा म्हणून तसंच राहिलं.

१९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात काँग्रेसने गोपनीय माहितीवरून सुनावणीशिवाय वगळण्याचा मार्ग कलमातच घातला. काँग्रेसने स्पष्ट शब्दांत म्हणावं, असं जॅक्सन यांनी लिहिलं होतं. काँग्रेसने म्हटलं. कायद्याच्या अर्थावर उभ्या केलेल्या बचावाची ही कायमची कमजोरी.

१९५३ च्या फेब्रुवारीत क्वोंग हाय च्यू खटल्यात न्यायालयाने थोडी लगाम लावली. हा चिनी खलाशी अमेरिकेचा कायमस्वरूपी रहिवासी होता. अमेरिकी जहाजावर काम करून परतल्यावर त्याला त्याच नियमाखाली अडवलं होतं. रहिवाशाला हा नियम लागू नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

पुढच्याच महिन्यात, १६ मार्चला, मेझाई प्रकरण आलं. इग्नाझ मेझाई २५ वर्षं अमेरिकेत, बफेलोत राहिलेला सुतार. रुमानियातल्या मरणासन्न आईला भेटायला निघाला. रुमानियाने आत घेतलं नाही, हंगेरीत तो १९ महिने अडकला, आणि परत आल्यावर अमेरिकेने सुरक्षेच्या कारणाने दार लावलं. फ्रान्स आणि ब्रिटनने त्याला घेतलं नाही, हंगेरीनेही नकार दिला. लॅटिन अमेरिकेतल्या डझनभर देशांकडे त्याने अर्ज केले, कुणी होकार दिला नाही. तो एलिस बेटावर राहिला. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने हे वैध ठरवलं. बहुमताचा निकाल लिहिला टॉम क्लार्क यांनी. क्नाउफ प्रकरणात ज्यांनी स्वतः सही केली म्हणून बाजूला बसावं लागलं, त्यांनीच आता त्या सूत्राचा विस्तार केला. नियमाने यात काही गैर नाही, प्रकरण वेगळं होतं. पण वाचताना ठेच लागते.

एलिस बेट हे मेझाईचं आश्रयस्थान आहे, तिथून तो पश्चिम, म्हणजे अमेरिका, सोडून कुठल्याही दिशेला जायला मोकळा आहे, असा सरकारी वकिलाचा युक्तिवाद होता. जॅक्सन यांनी तो भिन्नमतात नोंदवून ठेवला. अगदी नगण्य आयुष्य जगलेल्या या माणसाला आश्चर्यच वाटलं असेल, असं त्यांनी लिहिलं, की अमेरिकेच्या सरकारला आपली इतकी भीती वाटते की आपल्याला का भितो हे सांगायलाही ते भितं. मेझाईलाही शेवटी सुनावणी मिळाली, आणि १९५४ च्या ऑगस्टमध्ये पॅरोलवर तो सुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एलिस बेटाचं केंद्रच बंद झालं.

२०१८ मध्ये सात-आठ देशांच्या नागरिकांवरच्या प्रवेशबंदीचा खटला, ‘ट्रम्प विरुद्ध हवाई’, ५-४ ने सरकारच्या बाजूने गेला. तिथे प्रश्न वेगळा होता, एका व्यक्तीचा नसून सरसकट वर्गाचा, पण कार्यकारी सत्तेला झुकतं माप देण्याचं मूळ याच परंपरेतलं. क्नाउफशी जास्त जवळचं प्रकरण २०२४ चं आहे. ‘परराष्ट्र खातं विरुद्ध मुन्योज’ या खटल्यात लॉस एंजेलिसच्या एका अमेरिकी वकील बाईच्या एल साल्वादोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला गेला. कारण सुरुवातीला फक्त एका कलमाचा क्रमांक. खटला चालू झाल्यावर, नकारानंतर जवळपास तीन वर्षांनी, सरकारने सांगितलं की त्याच्या अंगावरच्या गोंदणांवरून वगैरे तो एमएस-१३ या टोळीचा सदस्य असावा असं वकिलातीच्या अधिकाऱ्याला वाटलं. नवऱ्याने ते नाकारलं. जॅक्सन यांनी कुर्टसाठी मांडलेला मुद्दाच तिने मांडला: परकीयाचा हक्क राहू द्या, नागरिकाचा हक्क बघा. २१ जून २०२४ ला न्यायालयाने उत्तर दिलं की जोडीदाराला देशात आणण्याचा नागरिकाला मूलभूत घटनात्मक हक्क नाही.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांचा. आधाराला घेतलेल्या जुन्या निकालांत ‘३३८ यू. एस. ५३७’ होता, म्हणजे क्नाउफ. हे निकालपत्र जानेवारी १९५० मध्ये संपतं. त्यात आयडलवाइल्डचं विमान नाही, १९५१ ची सुनावणी नाही, ऐकीव पुरावा नाही. त्या पानांवर ती बाई अजून प्रवेश नाकारलेलीच आहे.